थोरली कोण, याबा आजी की एकुआ आजी

मंगळवार, २३ जानेवारी २०१८

आज मी आफ्रिका शिकायला नाव नोंदवलं. वय पंचवीस, जन्म अक्राचा, शाळा केप कोस्टची, आणि आजवर या खंडाबाहेर एकदाही पाऊल पडलेलं नाही. माझे मार्गदर्शक टांको सर, त्यांनी माझा अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढला, म्हणजे आता बोलणी बसणार हे ठरलेलं.

"एफुआ बेंत्सिल, तू संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहेस. प्रबंध लोकसंख्येवर. आफ्रिकेत जन्मलीस, आफ्रिकेत वाढलीस, तिन्ही त्रिकाळ आफ्रिकेतच जेवतेस. मग हे काय, माशाला पोहण्याचा क्लास?"

"सर, पदवी सांभाळूनच करणार आहे. चार विषय दुसऱ्या विभागांतले घ्यायचे, एक चर्चावर्ग करायचा आणि गावात फिरून एक निबंध लिहायचा. त्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं."

"आणि प्रबंध?"

"तोही होईल."

"दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्यांचं काय होतं याची आकडेवारी आहे माझ्याकडे. हवी असेल तर देतो," म्हणाले, आणि सही केली. माणूस तोंडाने खवचट असला तरी सहीला उदार आहे.

निबंध सोळा एप्रिलच्या सोमवारी दुपारपर्यंत द्यायचा. नाही दिला तर प्रमाणपत्र थेट पुढच्या वर्षी. अर्जात मी कारण लिहिलं, "ज्ञानशाखांमधल्या भिंती ओलांडण्यासाठी." खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. मला भिंतीवर प्रमाणपत्रांच्या दोन चौकटी हव्यात, आणि कोबिना मामाच्या मुलीकडे एकच आहे.


सोमवार, २९ जानेवारी

चर्चावर्गात आम्ही सहा जण. एक वकील, एक नर्तक, एक मातीचा अभ्यास करणारी तामालेची मुलगी, एक नर्स, एक पाद्री होता होता राहिलेला इतिहासवाला, आणि मी. शिकवायला डॉक्टर सेलॉर्म अग्बेको. बाई बुटक्या, आवाज खालचा, आणि सवय अशी की आपण काही बोललो की दोन सेकंद नुसत्या बघत राहतात. तेवढ्यात आपल्यालाच आपलं बोलणं खोटं वाटायला लागतं.

त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "तुमचा प्रश्न काय, आणि तो कुणाचा प्रश्न आहे?"

मी म्हटलं, जन्मतारीख माहीत नसलेल्या माणसाचं वय शोधायचं. आमच्या शास्त्रात त्याला युक्ती आहे. लोकांना साल आठवत नाही, पण घटना आठवतात. भूकंप झाला तेव्हा तुम्ही रांगत होता का, भर दुपारी सूर्य झाकोळला तेव्हा मासे वाहत होता का, असं विचारत जायचं. घटनांची तारीख पुस्तकात असते, त्यावरून वय निघतं.

"छान. पण कुणाचा प्रश्न?"

तेव्हा मला आमचं घरचंच भांडण आठवलं आणि मी सांगून टाकलं. आमच्या कुळात आईकडून वंश चालतो. कुळातल्या बायकांमध्ये वयाने सगळ्यांत मोठी असेल ती 'थोरली'. तिच्या शब्दावाचून लग्न ठरत नाही आणि कुळाची वीतभर जमीनही कुणाला देता येत नाही. आधीची थोरली गेल्या एप्रिलमध्ये गेली. तेव्हापासून जागा रिकामी, कारण तिच्यावर दोघींचा हक्क आहे. एक माझ्या आईची आई, याबा आजी. दुसरी तिची मावसबहीण, एकुआ आजी. दोघीही म्हणतात, मीच मोठी. कागद कुणाकडेच नाही. चॅपलची जुनी नोंदवही वाळवीने खाल्ली. चौदा एप्रिलला वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी नवी थोरली बसवायची असं कोबिना मामांनी ठरवलंय. मामा कुळाचे प्रमुख, आणि एकुआ आजीचे चिरंजीव.

वर्ग खूश झाला. वकील म्हणाला, "बायका वय वाढवून सांगतायत? हे पहिल्यांदाच ऐकतोय."

अग्बेको मॅडम दोन सेकंद बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "करा."


शनिवार, १० फेब्रुवारी

गावी आले. ट्रोट्रोच्या खचाखच गाडीत तीन तास मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. उतरल्या उतरल्या आधी एकुआ आजीकडे नमस्काराला गेले, तर तिथेच दोघी जुंपलेल्या. ओसरीवर शेजारच्या चार बायका, मामा, मामांबरोबर अक्राहून आलेला एक पाहुणा, आणि मध्ये या दोघी.

"तू जन्मलीस तेव्हा मला दात होते," एकुआ आजी म्हणाली.

"आता नाहीत ना? मग झालं," याबा आजी म्हणाली.

"मला मोठी म्हणायला तुझी जीभ का जड होते गं?"

"खोटं बोलताना जड होते."

पाहुणा कसंनुसं हसत होता. मामांनी कपाळाला हात लावला. पांढरा शर्ट, बगलेत फाइल. मामा माणूस भला, धडपड्या. खाडीकाठची नारळांची पट्टी, जिथे आमच्या कुळातल्या बायका मासे धुरी देऊन वाळवतात, ती एका कंपनीला द्यायची असं त्यांच्या मनात आहे. तिथे मोठं हॉटेल उभं राहील, गावच्या पोरांना कामं मिळतील. फाइल कधीची तयार आहे. फक्त थोरलीचा अंगठा हवा, आणि थोरलीच नाही.

"एफुआ, तू देवासारखी आलीस," मामा म्हणाले. "तुमच्या त्या शास्त्रात लाव बाई याचा निकाल. जी मोठी निघेल तिला चौदा तारखेला बसवू. तिथेच सही, तिथेच जेवण."

पाहुणा गेला, बायका गेल्या, मामा त्याला सोडायला गेले. मी परसात हातपाय धुऊन आले तर दोघी एकाच भांड्यातून केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे गोळे, आणि शितोची चटणी खात बसलेल्या. एकुआ आजी माशाचा काटा काढून मऊ भाग याबा आजीच्या बाजूला सरकवत होती. मला बघून याबा आजी म्हणाली, "हिच्या हातचं जेवावं लागतं, काय करणार. माझ्या घरी चूल पेटली नाही आज."

तिच्या घरी चूल पेटलेली होती. मीच जाऊन विझवली.


रविवार, ११ फेब्रुवारी

चॅपलनंतर काम सुरू. फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि याबा आजीला विचारलं, तू जन्मलीस तेव्हा काय चाललं होतं?

"भूकंप," आजी लगेच म्हणाली. "मोठा. अक्रात घरं पडली तो. संध्याकाळची वेळ. आई कालची बाळंतीण, अंगात त्राण नाही, तरी पोर कापडात गुंडाळून अंगणात धावली. मागे स्वयंपाकघराची भिंत पडली. एवढ्याशाने वाचलो."

मी लगेच पुस्तक काढलं. तो भूकंप बावीस जून एकोणीसशे एकोणचाळीसचा. वार मोजला. गुरुवार. आणि गुरुवारी जन्मलेल्या मुलीचं नाव काय? याबा. आमच्याकडे नाव म्हणजे जन्माचा वारच, त्यात कुणी खोटेपणा करू शकत नाही. मी उठून अंगणात एक गिरकी घेतली. आजीने विचारलं, मुंग्या चावल्या का?

एकुआ आजीकडे गेले. "मी तिच्या आधीची," ती म्हणाली. किती आधीची? "आधीची म्हणजे आधीची." काही आठवतं का तेव्हाचं? "जन्मताना कुणाला काही आठवतं का? शिकवतात काय तुम्हाला तिथे?" आणि उठून भट्टीकडे गेली.

म्हणजे एकीकडे पुरावा, दुसरीकडे नुसता हेका. माझीच आजी जिंकणार. मला आनंद झाला, आणि तो शास्त्रीय नव्हता हे कबूल करते.


शनिवार, २४ फेब्रुवारी

टांको सरांना सांगितलं. ते म्हणाले, "एका नावावरून? आठवड्याला सातच वार असतात. तुझी आजी गुरुवारची आहे एवढंच कळलं. असे गुरुवार वर्षात बावन्न. भूकंप तिने कुणाकडूनही ऐकलेला असेल."

वैताग आला. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत पटलं. प्रबंधाचं दुसरं प्रकरण अजून तसंच पडलंय, हेही त्यांनी सांगितलं. ते आधीच पटलेलं होतं.


मंगळवार, ६ मार्च

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, पुन्हा गावी. पोरं शाळेच्या मैदानात संचलन करत होती, याबा आजी आणि मी खाडीकाठी भट्ट्यांजवळ. ती जाळीवर मासे मांडत होती, मी शेपट्या एका बाजूला करून देत होते. रेकॉर्डिंग चालू होतं, पण खरं तर गप्पाच. मी सहज विचारलं, दुपारी सूर्य झाकोळला ते आठवतं?

"न आठवायला काय झालं? कोंबड्या झाडावर जाऊन बसल्या. बायका किंचाळत सुटल्या. मी एकुआच्या पाठीला बांधलेली होते. ती घाबरून पळायला लागली, आणि पळता पळता मी तिचं सगळं लुगडं भिजवलं. घरी येईपर्यंत ती ओरडत होती, ही पोरगी मला नकोच म्हणून." आजी हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसता हसता थांबली. "ते यंत्र बंद कर गं."

"चालू नाहीच," मी म्हटलं. चालू होतं.

परतताना ट्रोट्रोत हिशोब केला. ते ग्रहण सत्तेचाळीसच्या मे महिन्यातलं. भूकंपात जन्मलेली मुलगी तेव्हा आठ वर्षांची होत आलेली असणार. आठ वर्षांचं पोर पाठीला कोण बांधतं? पाठीवर असलेलं मूल फार तर दोन वर्षांचं. म्हणजे याबा आजी पंचेचाळीसच्या आसपासची.

मग फेब्रुवारीतलं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, आणि स्वतःच्या डोक्यात टपली मारून घेतली. "आई कालची बाळंतीण." भूकंप गुरुवारी. बाळ कालचं, म्हणजे बुधवारचं. बुधवारी जन्मलेली मुलगी कोण? एकुआ. माझ्या आजीने एकुआ आजीचा जन्म उचलून स्वतःच्या नावावर केला, आणि वार बदलायला विसरली. मी गिरकी घेण्याच्या नादात ते ऐकलंच नाही.

एकुआ आजी सहा वर्षांनी मोठी. माझी आजी खोटं बोलतेय आणि हरतेय. आजचं रेकॉर्डिंग पुसून टाकावं का, असा विचार दोन थांबे मनात होता. तिसऱ्या थांब्याला अभ्यासक शुद्धीवर आली.

एक गोष्ट मात्र समजत नाही. एकुआ आजीला भूकंपाची गोष्ट माहीत असणारच, ती तिचीच आहे. मग तिने मला ती सांगितली का नाही? वय झालं, विसरली असेल.


शनिवार, १७ मार्च

मामांचा फोन आला, कुठवर आलं म्हणून. सांगायचं नव्हतं, आधी निबंध पुरा करायचा होता. पण मामांच्या मुलीला बढती मिळाल्याची बातमी त्यांनी आधी दिली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझाही निकाल लागलाय."

"म्हणजे आई?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "माझी आई थोरली? नक्की?"

"शंभर टक्के," मी म्हटलं. टांको सर ऐकते तर मला वर्गाबाहेर काढते.

मामा सांगत होते, लहानपणी वडील सोडून गेले, आईने मासे विकून शिकवलं, गावात तिला कुणी कधी पुढची खुर्ची दिली नाही. आता सगळं कुळ तिच्यापुढे वाकेल. मलाही भरून आलं. शिक्षणाचा कुणाला तरी उपयोग झाला.

संध्याकाळी याबा आजीचा फोन. "काय केलंस गं तू हे?" एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. हरणं कुणालाच आवडत नाही.


बुधवार, २८ मार्च

अग्बेको मॅडमनी कच्चा निबंध वाचून बोलावलं. हिशोब चोख आहे म्हणाल्या. "कालची बाळंतीण" या शब्दांजवळ हिरव्या शाईने खूण करून "सुंदर" लिहिलं होतं. मी खुर्चीत थोडी रुंद होऊन बसले.

मग त्यांनी विचारलं, "या दोघी भांडतात तेव्हा समोर कोण असतं?"

"सगळेच. शेजारणी, मामा, पाहुणे."

"आणि कुणी नसलं की?"

"एका भांड्यात जेवतात."

"हे निबंधात का नाही?"

"मॅडम, त्याचा वयाशी काय संबंध?"

त्या दोन सेकंद बघत राहिल्या. मग चहा पीत राहिल्या. मीही प्यायले. बाई हुशार आहेत, पण संख्याशास्त्र त्यांचा विषय नाही. उगाच दुसरीकडे भरकटतात.


शुक्रवार, १३ एप्रिल

सकाळच्या गाडीने गावी. गाव सगळं उत्साहात. मंडपाचे खांब उभे राहतायत, मामा शिडीवर चढून स्वतः दिवे बांधतायत. छापील निबंध माझ्या पिशवीत, सोमवारी जमा करायचा. ठरवलं की आधी एकुआ आजीच्या हातात द्यायचा.

ती भट्टीजवळ एकटीच होती. मी निबंध पुढे केला. "आजी, तू जिंकलीस. तू थोरली. उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे."

तिने हात लुगड्याला पुसले, निबंध घेतला, उलटा धरला, परत दिला. "किती पानं?"

"चाळीस."

"चाळीस पानांत एकदा तरी लिहिलंयस का, उद्या दुपारी मी काय करायचं ते?"

ती खाली बसली. मलाही बसवलं.

"बघ," ती म्हणाली, "ही अकरा भट्ट्या. या अकरा बायकांची पोरं याच धुरावर मोठी झाली. माझाही त्यातच झाला, तो वर चढून दिवे लावतोय तो. उद्या मला खुर्चीवर बसवणार. बसवलं की तो फाइल आणणार. अंगठा दिला, तर या अकरा जणी संध्याकाळी माझ्याकडे बघतील. नाही दिला, तर सगळ्या कुळासमोर आईने पोराला नाही म्हटलं असं होईल. त्याला बाप नव्हता गं. त्याला माझ्याकडून कधी नाही ऐकायची वेळ आली नाही, मी येऊच दिली नाही. चार माणसांत कसं म्हणू?"

मी म्हटलं, "मग एकट्यात सांग ना त्याला."

"सांगितलं. तो म्हणतो, आई, तुला कळत नाही, तुझ्याच भल्याचं आहे. त्याचं खोटं नाही, त्याला खरंच तसं वाटतं." ती काटकीने राख सारखी करत बसली. "खुर्ची रिकामी असली की कुणाला नाही म्हणावं लागत नाही. कंपनी किती दिवस थांबेल? थकेल, दुसरीकडे जाईल. म्हणून याबाला म्हटलं, तू म्हण मी मोठी. ती म्हणाली, लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत."

"भूकंप?"

"मीच सांगितलं, माझा घे. तुझी आजी गोष्ट चांगली सांगते. फक्त तिला थांबता येत नाही."

एक वर्ष दोन म्हाताऱ्या गावासमोर स्वतःचं हसं करून घेत होत्या, आणि मी फोन घेऊन ते मोडायला तीनदा ट्रोट्रोने आले. मॅडमनी विचारलेलं सगळं आता कळलं. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. टांको सरांसमोर बेरीज चुकली होती तेव्हाही नाही.

"आजी, मी आता काय करू?"

"मला काय विचारतेस? शिकलेली तू आहेस," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. मग मासे उलटायला उठली.


शनिवार, १४ एप्रिल

सगळं झालं, ते आठवतंय तसंच लिहून ठेवते.

सकाळी चॅपलला प्रार्थना, मग मंडपात. सगळे काळ्यापांढऱ्यात. वडीलधाऱ्यांनी जमिनीवर दारू शिंपून गेलेल्या थोरलीचं नाव घेतलं. पुढे एक रिकामी खुर्ची, तिच्यावर नवं कापड. एकुआ आजी आणि याबा आजी शेजारी शेजारी, दोघींची तोंडं दोन दिशांना. कंपनीचा पाहुणा दुसऱ्या रांगेत. मामांच्या मांडीवर फाइल.

मामा उभे राहिले. माझं शिक्षण, माझं विद्यापीठ, सगळं सांगितलं. पदव्या चालू आहेत त्यापेक्षा एक जास्तच सांगितली. "आपल्याच घरची पोरगी आहे. हिने शास्त्राने शोधलंय. हिच्या तोंडून ऐका." आणि त्यांनी आईकडे असं पाहिलं की मला खाली बघावं लागलं.

मी उठले. पिशवीत चाळीस पानं होती. रात्रभर दोन उत्तरं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना.

"मामा, मी चुकले," म्हटलं. "मी मोजलं, पण ते लागत नाही. दोघींपैकी कोण मोठी हे मला सांगता येणार नाही."

मग मागून कुणी तरी म्हणालं, "दोन दोन पदव्या, आणि दोन म्हाताऱ्या मोजता येईनात?" आणि सगळे हसले. चांगले खदखदून हसले, गावच्या नर्सबाईंपासून चॅपलच्या बाजावाल्यापर्यंत. मामांची मुलगीही हसली. माझे कान तापले.

"पण फोनवर तू शंभर टक्के म्हणालीस," मामा म्हणाले.

"फोनवर मी मिरवत होते, मामा." यात तरी काही खोटं नव्हतं.

मग याबा आजीने घसा साफ केला. "बघा, शास्त्रालाही माझ्याविरुद्ध बोलवेना. मीच मोठी."

"तू?" एकुआ आजी म्हणाली. "तुझं नाक मी पुसलंय."

"माझं नाक पुसायला तू वाकायचीस, कारण मी उंच होते."

"वाकायचं ते खाली असलेल्याकडे, बुद्धी आहे का?"

पुन्हा हशा. कुळातले सर्वांत वयस्कर आजोबा काठी आपटून म्हणाले, थोरली ठरत नसेल तर जागा रिकामी राहील, रीतच आहे, पुढच्या वर्षी बघू. कंपनीचा पाहुणा घड्याळ बघत उठला. कापड काढून खुर्ची बाजूला ठेवली.

मामा चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत. फाइल हातात धरून आईकडे बघत राहिले, बराच वेळ. एकुआ आजीने नजर वळवली नाही. मला वाटतं त्यांना कळलं. कळलं असलं तरी चार माणसांत त्यांनीही काही विचारलं नाही. तिने फक्त म्हटलं, "कोबिना, सकाळपासून उभा आहेस. जेवून घे." मामांनी फाइल खुर्चीखाली ठेवली आणि जेवायला बसले.

निबंध मी भट्टीत टाकला नाही, तेवढी नाटकी मी नाही. पिशवीतच आहे. पण सोमवारी तो द्यायचा नाही. तो वाचनालयात गेला की कधी तरी कुणी तरी वाचेल, आणि आमच्या गावात बातमी यायला ट्रोट्रो पुरते. अग्बेको मॅडमना कळवलं की निबंध होत नाही, प्रमाणपत्र पुढच्या वर्षी. टांको सरांच्या आकडेवारीत एकाची भर. एकुआ आजी मोठी आहे, सहा वर्षांनी, हे फक्त या वहीत.

जेवायला एकुआ आजीने मला आपल्या शेजारी ओढून बसवलं. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "या पोरीला काही येत नाही. दिसायला तेवढी हुशार." आणि ते सांगताना खाली, कापडाआड, माझा हात घट्ट धरून होती. एका म्हाताऱ्या बाईच्या बोटांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. ताटं आली, लोक जेवू लागले, तरी तिने सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही. हात उजवा होता, आणि एवढ्या वडीलधाऱ्यांत डाव्या हाताने कसं जेवणार? समोर गरम केंके, तळलेला मासा, आणि मी नुसती बघत बसलेली.

याबा आजीने दुसऱ्या बाजूने पाहिलं. काही न विचारता तिने केंक्याचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, माशाचा काटा नीट बघून काढला आणि माझ्या तोंडाशी आणला. सगळं ताट तिने तसंच भरवलं.